मास्तरांची सही : सीमाभागातल्या एका क्युरेटरचं प्रकरण

बेळगावातल्या कुठल्याही जुन्या मराठी शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलात की शिवाजी महाराज, शाहू महाराज, टिळक, बाबासाहेब आणि संस्थेचे पहिले अध्यक्ष अशी तैलचित्रं ओळीनं लावलेली दिसतात. वाचनालयात, पतसंस्थेत, तालमीत थोड्याफार फरकानं तेच. चित्रं कुणी काढली म्हणून विचारलं, तर ‘आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी’ एवढं उत्तर मिळतं. पुढचं सांगणारा शिपाई किंवा क्लार्क बहुधा निवृत्त झालेला असतो. इथे मांडलेलं प्रकरण अशाच एका ड्रॉइंग मास्तरांच्या चित्रांचं आहे आणि ती लोकांसमोर आणणाऱ्या एका क्युरेटरचं. कुटुंबाच्या इच्छेनुसार कुणाचंच नाव देत नाही. प्रदर्शनाच्या कन्नड मजकुरासाठी मी मदतीला होतो, त्यामुळे बरंचसं जवळून पाहता आलं.

ही क्युरेटर खानापूर तालुक्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. कन्नड भाषा ती शाळेत शिकली आणि बाजारात, बसमध्ये ती पक्की झाली. कोल्हापुरात चित्रकलेचा डिप्लोमा केला, मग बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठात कला-इतिहासाचं पदव्युत्तर शिक्षण. बडोद्याची ललित कला फॅकल्टी १९५० सालची. चित्र काढणारे आणि चित्रांबद्दल लिहिणारे तिथे एकाच आवारात वावरतात. मुंबई-दिल्लीत १९८१ साली भरलेलं ‘प्लेस फॉर पीपल’ हे प्रदर्शन आणि त्यासाठी कलासमीक्षक गीता कपूर यांनी लिहिलेला निबंध तिनं तिथेच अभ्यासला. समीक्षक चित्रकारांच्या सोबत उभा राहून एखादी भूमिका घडवू शकतो, हे तिला त्यातून उमगलं.

पुढची काही वर्षं मुंबईतल्या एका खासगी गॅलरीत मदतनीस म्हणून गेली. चित्रं उतरवून घ्यायची, प्रत्येकाची अवस्था लिहून ठेवायची, किंमतयादी करायची, कॅटलॉगचा मजकूर तपासायचा. बाहेरून दिसणारं क्युरेटरचं काम म्हणजे विषय सुचवणं आणि उद्घाटनाला बोलणं. केरळात भरणाऱ्या कोची-मुझिरिस बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनामुळे २०१२ पासून हा शब्द आपल्याकडे घरोघर गेला. तिथे पुढच्या आवृत्त्यांना जितीश कल्लाट, सुदर्शन शेट्टी, अनिता दुबे, शुबिगी राव असे स्वतः कलावंत असलेले क्युरेटर मिळाले. त्यामुळे क्युरेटर म्हणजे मोठ्या कल्पनेचा धनी असं आमच्या मुलांना वाटतं. गॅलरीत तिला लागलेली सवय वेगळी होती. चित्र आधी मागच्या बाजूनं बघायचं : चौकट कुणी केली, कुठल्या दुकानाची चिठ्ठी आहे, पेन्सिलीनं काय लिहिलंय, कॅनव्हास पुन्हा ताणलाय का.

वडिलांच्या आजारपणामुळे ती परत आली. बेळगावात क्युरेटरची नोकरी नावाचा प्रकार नाही. एका मराठी दैनिकात ती पंधरवड्याला कलेवर लिहू लागली. द. ग. गोडसे, ज्ञानेश्वर नाडकर्णी, संभाजी कदम यांच्यामुळे मराठीत कलासमीक्षेला एक घराणं आहे आणि त्यातल्या बऱ्याच लेखनाला आसरा दिला तो वर्तमानपत्रांनी आणि नियतकालिकांनी. मानधन मात्र तेव्हाही बेताचं असायचं, आजही आहे. शिकवण्या घेऊन ती सदर चालवत होती. लिहायची थेट आणि गावातल्या दोन-तीन चित्रकारांना ते झोंबलंही होतं.

नोंद राहून का गेली

मास्तरांकडे वळण्याआधी थोडा इतिहास सांगायला हवा, कारण सगळी गोम तिथेच आहे.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे जिल्हे मुंबई राज्यात होते. चित्रकला शिकणाऱ्या पोराची वाट मुंबईकडे जायची. परीक्षा मुंबईच्या, ओढ १८५७ साली सुरू झालेल्या जे. जे. स्कूलची, आणि चित्र लागावं तर १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनात. धारवाडची हालभावींची कलाशाळा आणि हुबळीची मिणजिगींची, यांचाही ओढा तिकडेच. बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णी यांनी कितीतरी विद्यार्थी घडवले. रवी परांजपे आणि जॉन फर्नांडिस त्यांच्याच हाताखालचे. परांजपे १९३५ साली बेळगावातच जन्मले आणि पुढे मुंबई-पुण्यात नावारूपाला आले.

राज्य पुनर्रचनेत हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले आणि १९७३ मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्याकडे राहिला आणि आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. सीमाप्रश्नाचं राजकारण सगळ्यांना ठाऊक आहे : महाजन आयोग, काळा दिवस, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला दावा. चित्रकलेत याचा परिणाम असा झाला की महाराष्ट्राच्या कला-इतिहासानं मुंबईला किंवा पुण्याला गेलेल्यांची दखल घेतली आणि कर्नाटकाचा कला-इतिहास म्हैसूर-बंगळूरच्या अंगानं लिहिला गेला. इथेच राहून चाळीस वर्षं फळ्यावर शंकू आणि घनाकृती काढणारा, सुट्टीत व्यक्तिचित्रं रंगवणारा मास्तर दोन्ही यादींत आला नाही. माणूस लहान होता असं नव्हे. त्याची यादी करणं कुणाचंच काम नव्हतं.

आमचे मास्तर शहापूर भागातले. मुंबई राज्य असतानाच्या परीक्षा पास झालेले, नोकरी मात्र जवळजवळ सगळी म्हैसूर आणि कर्नाटक राज्यात केलेली. वारले तेव्हा माळ्यावर, पलंगाखाली, देवघराच्या मागे चित्रंच चित्रं.

कुटुंबाचा प्रस्ताव

थोरल्या मुलानं, ज्याला सगळे दादा म्हणतात, तिला घरी बोलावलं. प्रस्ताव सरळ होता. टिळकवाडीत हॉल घ्यायचा, वडिलांची सगळी चित्रं लावायची, जमतील तेवढी विकायची, विक्रीतून तिला टक्केवारी द्यायची. कॅटलॉगचा लेख तिनं लिहायचा आणि वर्तमानपत्रातल्या सदरातही तिनंच लिहायचं. दादांचा हेतू वाईट नव्हता. गावात असंच चालतं. पुस्तक छापणारा आणि त्याचं परीक्षण लिहिणारा बऱ्याचदा एकाच टेबलावर चहा घेतात.

तिनं टक्केवारी नाकारली आणि ठरावीक मानधन मागितलं. चित्र विकलं गेलं तर आपला फायदा, अशी व्यवस्था असेल तर कुठलं चित्र लावायचं हा निर्णय स्वच्छ राहत नाही, हे तिनं दादांना समजावलं. सदरात या प्रदर्शनाबद्दल एक ओळही लिहिणार नाही, हेही सांगितलं. शेवटची अट सगळ्यांत जड गेली : आधी प्रत्येक चित्राची नोंद होईल, तारीख त्यानंतर ठरेल.

दादा वैतागले. ‘विकायचं नाही, तारीख नाही, मग एवढा खर्च कशाला?’ त्यावर मास्तरांच्या पत्नी, काकू, मधे पडल्या. ‘पोरगी म्हणते तसं करू दे की. मी सांगतो बघ, यांनी पण कधी घाई केली नाही.’ मानधनाचा अर्धा भार कुटुंबानं उचलला, उरलेला मास्तरांच्या माजी विद्यार्थ्यांनी.

या टप्प्यावर बहुतेक जण चुकतात असं मला ठामपणे वाटतं. पैशाची रचना आधी लिहून ठरवली नाही, तर पुढचा प्रत्येक कलाविषयक निर्णय पैशाचा निर्णय होऊन बसतो. मोठ्या शहरात निदान चार क्युरेटर असतात, एक नाही तर दुसरा. छोट्या गावात एकाच माणसाला लिहायचंही असतं आणि मांडायचंही, म्हणून रेघ त्यानं स्वतःच ओढावी लागते.

माळ्यावरची चित्रं

नोंदणी पावसाळ्यात सुरू झाली आणि आमच्याकडचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे. जलरंगांच्या कागदांवर तपकिरी ठिपके पडलेले, हार्डबोर्डवरच्या तैलचित्रांच्या कडा फुगलेल्या. प्रत्येक चित्राला तात्पुरता क्रमांक, दोन्ही बाजूंचे फोटो, मोजमाप, माध्यम, अवस्था, मागचा मजकूर आणि ‘कोण काय सांगतं’ असा एक रकाना. हा शेवटचा रकाना तिचा स्वतःचा. काकू, शेजारी, जुने विद्यार्थी यांची आठवण त्यात बोलणाऱ्याच्या नावानिशी लिहायची. खरीखोटी लगेच ठरवायची नाही.

चित्रं शंभराच्या वर भरली. काही निसर्गदृश्यं फार सुरेख निघाली : हलशीच्या देवळामागची झाडी, खानापूरच्या कुंभारांच्या भट्ट्या, मार्कंडेय नदीकाठची भातशेती. मास्तरांचा हात जलरंगात मोकळा होता. तैलरंगात ते जास्त जपून, गिऱ्हाइकाच्या डोळ्यानं काम करायचे.

आणि मग सह्या.

चित्रं तिरप्या प्रकाशात पाहून झाली की ती ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही (अतिनील) टॉर्चखाली तपासायची. नैसर्गिक राळेचं जुनं वॉर्निश त्या प्रकाशात हिरवट चमकतं आणि त्यावर नंतर लागलेला रंग काळपट डाग होऊन दिसतो. काही तैलचित्रांच्या उजव्या कोपऱ्यातली सही अशीच काळी उमटली. सही वॉर्निशच्या वर होती. चित्र जुनं, सही अलीकडची.

दादांना विचारल्यावर त्यांनी काही लपवलं नाही. मास्तर गेल्यावर विनासहीच्या चित्रांवर त्यांनी एका जुन्या विद्यार्थ्याकडून बाबांची सही करवून घेतली होती. ‘चित्रं बाबांचीच. मग नाव नको का?’ त्यांच्या दृष्टीनं ही आठवण जपणं होतं. पण मास्तरांच्या घरी रविवारी वर्ग भरायचा. मुलं तिथे रंगवायची, मास्तर त्यांच्या कॅनव्हासवर हात फिरवायचे, मुलं त्यांच्या चित्रांच्या नकला करायची. चित्र या घरात सापडलं एवढ्यावरून ते मास्तरांचं ठरत नाही.

तिनं ही चित्रं बाजूला ठेवली आणि जुन्या विद्यार्थ्यांना गटागटानं घरी बोलावलं. वडगावच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या आणि पितळी तांब्या व दोडक्यांच्या एका वस्तुचित्रापुढे थांबल्या. चित्र त्यांचं होतं. लग्न ठरल्यावर वर्ग सुटला, चित्र सरांकडेच राहिलं. खूण म्हणून त्यांनी सांगितलं की फळीच्या मागे त्यांच्या भावानं हिशेब मांडला होता. फळी उलटून पाहिली. पेन्सिलीतला हिशेब होता. तो पहिल्याच आठवड्यात नोंदीत उतरलाही होता, फक्त त्याचा अर्थ कुणाला माहीत नव्हता.

कायद्यानंही इथे बाजू स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ कर्त्याला आपल्या कृतीचं कर्तेपण सांगण्याचा हक्क देतं आणि कॉपीराइट विकला तरी तो हक्क जात नाही. बाईंचं चित्र बाईंच्या नावानं लागलं. वरची सही खरवडली नाही. जतनतज्ज्ञाशिवाय हात लावायचा नाही, हे ठरलेलंच होतं. पाटीवर लिहिलं : ‘सही नंतरची.’ उरलेल्या संशयित चित्रांपैकी दोनच लावली, कर्त्याच्या जागी ‘मास्तर किंवा त्यांच्या वर्गातील विद्यार्थी’ असं लिहून. बाकीची परत माळ्यावर गेली.

इथे माझं तिच्याशी पटलं नाही, आजही पटत नाही. ती सगळी लावायला हवी होती. एका मास्तराच्या वर्गात हात कसे एकमेकांत मिसळतात हे दाखवायची इतकी चांगली संधी पुन्हा येणार नाही. तिचं म्हणणं असं की पहिल्याच प्रदर्शनात संशयाला एवढी जागा दिली तर लोक मास्तरांच्या पक्क्या चित्रांकडेही त्याच नजरेनं बघतील. तिच्या बोलण्यात तथ्य आहे, पण भीतीही आहे.

चंदगडचं चित्र

घरातल्या चित्रांपेक्षा बाहेरची महत्त्वाची, हे तिला लवकर कळलं. मास्तरांची खरी जाहीर कारकीर्द शाळांच्या आणि संस्थांच्या भिंतींवर होती. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे कॅटलॉगमध्ये छापायला कुटुंबाची परवानगी पुरत नव्हती. एकेका संस्थेकडून लेखी घ्यावी लागली. तिनं ती घेतली. मराठी हायस्कूलं, एक कन्नड शाळा (तिथे बसवेश्वरांचं देखणं चित्र होतं), दोन पतसंस्था.

सगळ्यांत अवघड होतं चंदगड तालुक्यातल्या एका हायस्कुलातलं शिवाजी महाराजांचं चित्र. मास्तरांनी ते उमेदीच्या काळात रंगवलेलं. बेळगावहून शिनोळीमार्गे अंतर फार नाही, पण मध्ये राज्याची हद्द. २०२२ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तणावामुळे दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या होत्या. चित्राला त्याचा फटका नको म्हणून तिनं खासगी गाडी ठरवली, आणण्या-नेण्याच्या तारखांत सैल दिवस ठेवले आणि भिंतीवरून उतरल्यापासून परत भिंतीवर लागेपर्यंतचा नेल-टू-नेल विमा उतरवला. विमा कंपनीनं किंमत विचारली. या चित्राला बाजारच नव्हता, म्हणून शाळेच्या समितीशी बोलून एक संमत रक्कम लिहिली.

मुख्याध्यापकांची अट एकच. ‘घेऊन जा की, पण जयंतीच्या आदल्या दिवशी भिंतीवर पाहिजे बघा.’ १८ फेब्रुवारी ही तारीख चित्र उसनं घेण्याच्या करारात लिहिली गेली.

चित्राच्या कपाळावर गंधाचा जाड थर होता. काच नसलेल्या तैलचित्राला वर्षानुवर्षं जयंतीला गंध लागलं होतं, हार घातले होते, ओल्या फडक्यानं पुसलं होतं. गंधाखालचा रंग उचललेला. जिरेटोपाचे मोती मात्र कुणा बोर्ड रंगवणाऱ्यानं ठसठशीत करून दिलेले, ते यूव्हीखाली लख्ख कळत होतं. फोटो मुंबईच्या एका जतनतज्ज्ञाकडे पाठवले. त्यांचं मत पडलं की चाचणीशिवाय गंध काढू नये, सोबत रंग निघून येईल. पैसेही नव्हते, वेळही नव्हता. चित्र आहे तसंच लागलं आणि शेजारी एक लांब पाटी : कपाळावर काय आहे, मोती कुणी केले असावेत, मूळ रंग कुठे शाबूत आहे.

प्रदर्शनातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट हीच होती. संग्रहालयात चित्राला कुणी हात लावत नाही आणि ते तसंच असायला हवं, असं आपण शिकतो. इथे ज्या चित्राला सर्वांत जास्त हात लागले, ते लोकांच्या आयुष्यात सर्वांत जास्त होतं. गंधामुळे नुकसान झालं हे खरं, आणि त्याच गंधामुळे शाळेनं ते चित्र कधी अडगळीत टाकलं नाही, हेही तितकंच खरं. पाटीवर तिनं दोन्ही लिहिलं, निवाडा दिला नाही.

दोन भाषा, एक परीक्षण

बाहेरचा फलक नियमाप्रमाणे केला. नामफलकावर साठ टक्के जागा कन्नडला, हे कर्नाटकानं २०२४ मध्ये कायद्यात आणलं आहे. आतल्या पाट्या मात्र मराठी आणि कन्नड शेजारी-शेजारी, एकाच आकाराच्या. कन्नड मजकूर मी स्वतंत्र लिहिला. धारवाड-हुबळीच्या वाचकाला हालभावी-मिणजिगींचा धागा सांगितला की मास्तर लगेच ओळखीचे होतात. मराठी वाचकाला कोल्हापूर आणि मुंबईचा धागा द्यावा लागतो. काही मराठी मंडळी रुसली, कन्नड एवढं कशाला म्हणून. एका कन्नड कार्यकर्त्यानं मराठीबद्दल तेच विचारलं. दोघांनाही तिनं बसवेश्वर आणि शिवाजी महाराज यांच्या चित्रांपुढे नेलं. एकाच माणसानं, एकाच रंगपेटीतून काढलेली.

जानेवारीत प्रदर्शन भरलं. संपादकांनी तिच्याकडे पानभर लेख मागितला. तिनं दिला नाही, दुसऱ्यानं लिहावा असं सुचवलं. मराठीत त्यावर कौतुकाची बातमी आली, परीक्षण आलं नाही. परीक्षण लिहिलं धारवाडच्या एका कन्नड लेखकानं, आणि ते कडक होतं : स्मारक-चित्रांना गरजेपेक्षा जास्त मान दिला, जलरंग कोपऱ्यात ढकलले, धारवाडच्या समकालीनांशी तुलना टाळली. दुसरा आक्षेप मला मान्य आहे. तिनं ते परीक्षण मराठी गोषवाऱ्यासह हॉलच्या दाराशी लावलं. दादांना ते आवडलं नाही. शेवटच्या दोन दिवसांत मात्र जलरंगांच्या कोपऱ्यात सर्वांत जास्त गर्दी होती.

पुढे काय झालं

चंदगडचं चित्र जयंतीआधी परत गेलं. शाळेनं ते उन्हाच्या भिंतीवरून हलवलं आणि चौकटीला काच बसवायचा ठराव केला. बाईंना त्यांचं वस्तुचित्र कुटुंबानं देऊन टाकलं. हॉलमध्ये विक्री झाली नाही. नंतर दादांनी काही जलरंग विकले, प्रत्येकासोबत नोंदीच्या पानाची प्रत देऊन.

तिला नोकरी मिळालेली नाही. दोन शिक्षणसंस्थांनी आपल्या भिंतींवरच्या चित्रांची नोंद करून मागितली आहे आणि ती या कामाचे पैसे घेते, ही आमच्या भागात नवीन गोष्ट आहे. सदर चालू आहे. ज्यांची चित्रं नोंदवते त्यांच्याबद्दल त्यात लिहीत नाही, म्हणून त्याचा आवाका आक्रसला आहे. हा तोटा खरा आहे. गावात समीक्षा लिहिणारं दुसरं कुणी उभं राहिलं तरच तो भरून निघेल. बंगळूरची इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स संशोधन-अनुदानासाठी भारतीय भाषांतले अर्ज स्वीकारते. तिथे पाठवायचा मसुदा तिनं मराठीत केला आहे : मुंबई राज्यात शिकलेल्या आणि १९५६ नंतर इथेच शिकवत राहिलेल्या ड्रॉइंग मास्तरांची, बेळगाव ते धारवाड, मराठी-कन्नड अशी एकत्र यादी. हालभावींचे विद्यार्थी त्यात सुरुवातीलाच घेतले आहेत. कन्नडची बाजू सांभाळायला मी हो म्हटलं आहे.